कागद दडवणाऱ्याला दंड कसा लागला?



आपल्या बचत गटाची वही दर महिन्याला सगळ्यांसमोर उघडते. सचिव ताईंनी वही दाखवायला नकार दिला, तर आपण दुसरी सचिव निवडू. सरकारी कामाच्या वहीबाबत हाच हट्ट राजस्थानातल्या मजूर बायामाणसांनी धरला. त्यातून देशाला कायदा मिळाला. आज त्याचा इतिहास सांगते.

राजस्थानात १९९० साली मजदूर किसान शक्ती संघटना सुरू झाली. अरुणा रॉय, निखिल डे, शंकर सिंह आणि गावोगावचे मजूर त्यात होते. दुष्काळी कामावर दिवसभर माती उपसूनही किमान मजुरी हातात पडत नसे. विचारले तर उत्तर यायचे, तुमचे काम कमी भरले. हजेरीपट दाखवा म्हटले, तर तो म्हणे गुप्त!

डिसेंबर १९९४ मध्ये पाली जिल्ह्यातल्या कोटकिराणा इथे पहिली जनसुनवाई झाली. हाती आलेले कागद गावासमोर मोठ्याने वाचले. जनसुनवायांमधून कळले, की कामावर कधी न गेलेल्यांच्या नावावरही मजुरी निघाली होती. कागद का दडवतात, ते लोकांना उमगले.

१९९६ साली ब्यावर शहरात चाळीस दिवस धरणे झाले. बाया घरदार, गुरेढोरे मागे ठेवून तिथे बसल्या. पुढच्या वर्षी जयपूरला त्रेपन्न दिवस धरणे झाले. शेवटी सरकारने सांगितले, की पंचायतीच्या कागदांच्या नकला देण्याचा आदेश सहा महिन्यांपूर्वीच निघाला आहे. म्हणजे माहिती देण्याचा आदेशच लोकांना माहीत नव्हता!

आपल्याकडे अण्णा हजारे यांनी ऑगस्ट २००३ मध्ये मुंबईच्या आझाद मैदानावर उपोषण केले आणि महाराष्ट्राचा माहिती अधिकार कायदा अमलात आला. केंद्राने २००२ साली एक कायदा केला होता, पण माहिती अडवणाऱ्या अधिकाऱ्याला त्यात दंडच नव्हता. तो कधी लागूही झाला नाही. त्याच्या जागी नवा कायदा आला. १२ ऑक्टोबर २००५ पासून तो पूर्णपणे लागू झाला.

या कायद्याचे कलम २० लक्षात ठेवा. योग्य कारण नसताना अर्ज नाकारला, उशीर केला, मुद्दाम खोटी माहिती दिली किंवा मागितलेला कागद नष्ट केला, तर माहिती अधिकाऱ्याला रोज २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड होतो. तो त्याने स्वतःच्या खिशातून भरायचा असतो. आपण योग्य वागलो, हे सिद्ध करण्याची जबाबदारीही त्याचीच.

पण दंड आपोआप होत नाही. तो माहिती आयोग करतो, आणि आयोगाला पुरावा लागतो. म्हणून अर्जाची पोच घ्या, तारीख लिहून ठेवा. अर्जाला दहा रुपये शुल्क आहे. दारिद्र्यरेषेखालच्या बहिणींना तेही माफ आहे. तीस दिवसांत उत्तर आले नाही, तर पुढच्या तीस दिवसांत पहिले अपील करा. तिथेही दाद लागली नाही, तर नव्वद दिवसांत आयोगाकडे दुसरे अपील करा.

येत्या बैठकीत ठरवा, गावातल्या कोणत्या कामाचा हजेरीपट पाहायचा. अर्ज एकीच्या नावाने द्या, पण पंचायतीत जाताना चौघी-पाच जणी मिळून जा.