तीन चाकांची कार खरंच पेट्रोल वाचवते का?

‘मिस्टर बीन’ पाहिलेल्यांना ती फिकट निळी गाडी नक्की आठवत असेल. पुढे एकच चाक, आणि बीनची मिनी शेजारून गेली की दर वेळी बिचारी आडवी. गाडीचं नाव रिलायंट रीगल. मालिकेत ती हसण्यासाठी ठेवली होती, पण ब्रिटनमध्ये अशा गाड्या हजारो कुटुंबांनी खरंच वापरल्या.

आज तीनचाकी कारचा विषय पुन्हा फिरतोय, पण वेगळ्या रूपात. थेंबाच्या आकाराची चकचकीत गाडी, पुढे दोन चाकं, मागे एक, आणि खाली कॅप्शन: ‘पेट्रोलचं टेन्शन संपलं’. कमेंटमध्ये एकच प्रश्न: भारतात कधी येणार? त्याआधीचा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही. एक चाक काढल्याने नेमकं वाचतं काय?

वाचतं ते चाकामुळे नाही

आधी एक गैरसमज. एक चाक कमी म्हणजे रस्त्याशी होणारं घर्षण पाव हिश्शाने कमी, असं वाटू शकतं. तसं होत नाही. टायरचा विरोध मुख्यतः त्याच्यावर पडणाऱ्या वजनावर ठरतो. तेच वजन चाराऐवजी तीन टायरवर आलं, तर प्रत्येक टायरवरचा भार वाढतो आणि एकूण हिशोब जवळपास तोच राहतो.

खरा फायदा दोन गोष्टींतून येतो. चाक, सस्पेन्शन आणि एक्सलचे भाग कमी झाल्याने गाडी थोडी हलकी होते. आणि मागे एकच चाक असलं, तर शेपटीकडे निमुळती होत जाणारी बॉडी बनवता येते. हवा कापायला हा आकार उत्तम. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की विरोध चौपट. त्यामुळे या आकाराची कमाई एक्सप्रेसवेवर दिसते. सिग्नल ते सिग्नल सरकणाऱ्या ट्रॅफिकमध्ये हवा कापायला वेळच मिळत नाही, तिथे फक्त हलकेपणा कामाला येतो. शहरासाठी म्हणून विकली जाणारी गाडी आपला मोठा फायदा शहराबाहेर दाखवते, ही यातली गंमत.

तिसरं कारण इंजिनिअरिंगचं नाही, कायद्याचं आहे, आणि माझ्या मते तेच सगळ्यात मोठं. ब्रिटनमध्ये ठरावीक वजनाच्या आतली तीनचाकी मोटरसायकलच्या लायसन्सवर चालवता यायची आणि रोड टॅक्सही कमी लागायचा. टॅमवर्थच्या रिलायंट कंपनीने त्यावरच धंदा उभा केला. १९७३ मध्ये आलेल्या रिलायंट रॉबिनची बॉडी फायबरग्लासची होती आणि वजन साधारण साडेचारशे किलो. बाईकवर बायको-मुलांना नेता येत नाही आणि कारचं लायसन्स नाही, अशा कामगार घरांसाठी ही छप्पर असलेली सोय होती. अमेरिकेतही केंद्रीय नियमांत तीनचाकी वाहन मोटरसायकलमध्ये मोडतं, म्हणून कारला लागणारे एअरबॅग आणि क्रॅश टेस्टचे नियम त्याला बंधनकारक नसतात. तिथे स्टार्टअप कंपन्या तीन चाकांकडे वळतात, त्यामागे ही सवलतही असते.

एलिओची गोष्ट

या सगळ्या आशेचं सर्वात मोठं उदाहरण म्हणजे अमेरिकेतली एलिओ मोटर्स. पॉल एलिओ यांनी २००९ मध्ये ॲरिझोनातल्या फिनिक्समध्ये ही कंपनी सुरू केली. गाडीत पुढे दोन चाकं, मागे एक, आणि दोन माणसं बाईकसारखी एकामागे एक बसणार. किंमत ६,८०० डॉलर, तेव्हाच्या दराने साधारण चार लाख रुपये. हायवेवर मायलेज एका गॅलनला ८४ मैल. उत्पादनासाठी जागाही ठरली: लुईझियानातल्या श्रीव्हपोर्टमधला जनरल मोटर्सचा बंद पडलेला कारखाना.

लोकांनी १०० ते १,००० डॉलर भरून बुकिंग केलं. पैसे परत मागणार नाही असं मान्य करणाऱ्यांना किमतीत जादा सूट आणि रांगेत पुढचा नंबर. बुकिंगचा आकडा ६५ हजारांवर गेला. गाडी २०१४ मध्ये येणार होती. मग २०१५, मग २०१६. त्या वर्षी कंपनीने सामान्य लोकांना शेअर विकून सुमारे १.७ कोटी डॉलर उभे केले, पण कारखाना चालू करायला त्याच्या कित्येक पट रक्कम हवी होती. काही नमुना गाड्या बनल्या, किंमत वाढली, नंतर इलेक्ट्रिक मॉडेलचीही घोषणा झाली. ग्राहकाच्या दारात मात्र एकही गाडी उभी राहिली नाही.

आता ते ८४ मैल आपल्या मापात आणू. एका लिटरला साधारण ३६ किलोमीटर. अमेरिकेतल्या भल्यामोठ्या पिकअपच्या तुलनेत हे भारी आहे. पण आपल्याकडे पाच माणसांच्या साध्या पेट्रोल कारसाठीही कंपन्या २५च्या आसपासचा आकडा सांगतात, आणि १०० सीसीची बाईक ३६ सहज मागे टाकते. चाचण्यांच्या पद्धती वेगळ्या असल्याने ही तुलना काटेकोर नाही. तरी ‘पेट्रोलचं टेन्शन संपलं’ म्हणण्याइतका फरक यात नाही.

बरं, इतकं मायलेज चार चाकांवर मिळत नाही का? मिळतं. २०१० मध्ये अमेरिकेत ऑटोमोटिव्ह एक्स प्राइझ नावाची स्पर्धा झाली. गॅलनला १०० मैलांच्या वर जाणारी, रोज वापरता येईल अशी गाडी बनवायची होती. मुख्य गटाचं ५० लाख डॉलरचं बक्षीस एडिसन-टू या टीमच्या ‘व्हेरी लाइट कार’ला मिळालं. मायलेज १०२.५ मैल, चार माणसांची जागा, आणि चाकं चार. आपल्या बजाजची क्यूट बघा. २०१२ मध्ये आरई-६० नावाने ती पहिल्यांदा दाखवली, मग बरीच वर्षं परवानग्या आणि कोर्टकज्जांत गेली, आणि २०१९ मध्ये महाराष्ट्रात विक्रीला आली. २१६ सीसीचं इंजिन, टॉप स्पीड ताशी ७० किलोमीटर, आणि कंपनीचा मायलेजचा दावा लिटरला ३५च्या आसपास. जन्मभर तीनचाकी बनवणाऱ्या कंपनीने पुढचं पाऊल टाकताना चौथं चाक जोडलं, हे लक्षात घ्यायला हवं.

उलटते का?

हो, पण कोणती, यावर ते अवलंबून आहे. तीन चाकं जोडली की जमिनीवर एक त्रिकोण तयार होतो. गाडीच्या वजनाचा जोर त्या त्रिकोणाच्या आत आहे तोवर ठीक, बाहेर गेला की गाडी कलंडली. रॉबिनमध्ये पुढे एकच चाक आणि इंजिनही पुढे, म्हणजे वजन त्रिकोणाच्या अरुंद टोकाकडे. त्यात वळणावर ब्रेक मारला की वजन आणखी पुढे आणि बाहेर झुकतं. ‘टॉप गिअर’मध्ये जेरेमी क्लार्कसन रॉबिन घेऊन कोपऱ्याकोपऱ्यावर उलटतो तो व्हिडिओ आजही फिरतो. ती गाडी सहज उलटावी म्हणून तिच्या डिफरन्शियलमध्ये मुद्दाम बदल केला होता, हे नंतर त्यानेच लिहून सांगितलं. हा भाग व्हिडिओसोबत सहसा फिरत नाही.

मग आपली रिक्षा? तिचंही पुढे एकच चाक. पण रिक्षाचं इंजिन आणि पॅसेंजर मागे, दोन चाकांच्या जवळ असतात, म्हणजे वजन त्रिकोणाच्या रुंद बाजूला. शिवाय वेग कमी. म्हणून ती बहुतेक वेळा सांभाळून घेते, जोरात वळवली तर तीही कलंडते. नव्या डिझाइनमध्ये दोन चाकं पुढे असतात आणि ब्रेक मारल्यावर वजन रुंद बाजूला जातं. हा प्रकार बराच सुरक्षित आहे.

पण एक अडचण दोन्ही प्रकारांत राहते, आणि आपल्याला ती सांगायला तज्ज्ञ नको. कारवाला खड्डा दोन चाकांच्या मधून काढतो. तीनचाकीत मधूनच तिसरं चाक जातं. डावीकडे, उजवीकडे आणि मध्ये अशा तीन रेघा रस्त्यावर उमटतात, त्यामुळे खड्डा कुठल्या ना कुठल्या चाकाला सापडतोच. पावसाळ्यात रिक्षाने फिरणाऱ्यांच्या कमरेला हे माहीत आहे.

बॅटरीने चित्र बदललं का?

थोडं बदललं. इलेक्ट्रिक गाडीत बॅटरी महाग आणि जड. गाडी जितकी कमी ऊर्जा खाईल तितकी बॅटरी लहान, आणि लहान बॅटरी म्हणजे आणखी हलकी गाडी. हवा कापणाऱ्या आकाराचा फायदा इथे दोनदा मिळतो. कॅलिफोर्नियाची ॲप्टेरा कंपनी याच गणितावर उभी आहे. अंगावर सोलर पॅनेल, एका युनिट विजेत सुमारे १६ किलोमीटर, आणि चांगल्या उन्हात दिवसाला ६४ किलोमीटरपर्यंत फुकट, असे तिचे दावे आहेत. गणित पटण्यासारखं आहे. पण हीच कंपनी २०११ मध्ये एकदा बंद पडली, २०१९ मध्ये संस्थापकांनी ती पुन्हा उभी केली आणि २०२१ची डिलिव्हरीची तारीख हुकली. आपल्याकडे मुंबईच्या स्ट्रॉम मोटर्सने आर-३ या दोन सीटच्या तीनचाकीसाठी २०२१ मध्ये १० हजार रुपयांत बुकिंग उघडलं होतं. किंमत साडेचार लाखांच्या घरात सांगितली होती. पुढे २०२३ मध्ये एमजीची कॉमेट आली. गाडी छोटी, इलेक्ट्रिक, चार सीट, चार चाकं, आणि शोरूममध्ये जाऊन बघता येणारी. तीनचाकी स्टार्टअपसमोरची खरी स्पर्धा ही आहे.

तेव्हा पुढच्या वेळी असं रील समोर आलं आणि बुकिंगचं बटण दाबावंसं वाटलं, तर मायलेजचा आकडा नंतर बघा. आधी बघा की गाडीला सरकारी चाचणी संस्थेचं प्रमाणपत्र मिळालंय का, म्हणजे आरटीओत तिची नोंदणी होईल का, आणि कोणत्या प्रकारात. अपघात झाला तर बॉडी पॅनेल आणि मागचा मोठा टायर तुमच्या गावात कोण देणार, हे विचारा. आणि बुकिंगच्या पावतीवर ‘परतावा नाही’ असं लिहिलंय का, ते पैसे भरायच्या आधी वाचा.