जगबूबहून निघालेलं विमान

एक सिनेमा माझ्या डोक्यात पंचवीस-सव्वीस वर्षं बिननावाचा पडून होता.

नांदेडला इतवाऱ्यात आमच्या गल्लीत ईदच्या दुसऱ्या रात्री व्हीसीआर भाड्याने यायचा. घरटी वर्गणी निघायची. त्यात एक रंगीत टीव्ही आणि तीन कॅसेटी. पहिला अमिताभचा, दुसरा मारधाडीचा आणि तिसरी दुकानदार देईल ती. एका वर्षी ही तिसरी कॅसेट इंग्रजी निघाली. मोठी माणसं उठून झोपायला गेली, आम्ही पोरं चटईवर तशीच. व्हीसीआर चालवणारे चाचा म्हणाले, “अंग्रेजी है, पन समझ में आता. बैठो.”

खरंच समजलं. एक विमान वाळूत कोसळतं. चहूकडे वाळवंट. पाणी मोजून प्यायचं, खायला फक्त खजूर. ओठ फुटलेले, दाढ्या वाढलेल्या. त्यांच्यातला एक चष्मेवाला म्हणतो, मोडक्या विमानातून नवं विमान बनवू. रमजान नुकताच संपला होता, त्यामुळे तहान आणि खजूर या दोन्ही गोष्टी आम्हाला समजावून सांगायची गरज नव्हती. एक प्रसंग मात्र भीतीने लक्षात राहिला. टेकडीपलीकडे उंटवाल्यांचा तळ पडतो, दोघं मदत मागायला जातात आणि सकाळी त्यांचे गळे चिरलेले सापडतात. “अरब थे,” चाचा म्हणाले. मुसलमानांच्या गल्लीतली आम्ही पोरं त्या रात्री पूर्णपणे गोऱ्यांच्या बाजूने होतो.

पुढे नांदेड सुटलं, बी.एड. झालं, नोकरी लातूरला लागली. मध्ये एकदा केबलवर हिंदीत डब केलेला एक सिनेमा लागला. तेच मोडकं विमान, तोच चष्मेवाला. पण वाळवंट गोबीचं, मंगोलियातलं. ही २००४ सालची नवी आवृत्ती होती. तिच्यामुळे जुन्याचं नाव कळलं, ‘द फ्लाइट ऑफ द फिनिक्स’, साल १९६५. मी तो मिळवला आणि २०१६च्या एप्रिलमध्ये पाहिला.

लातूरकरांना तो एप्रिल सांगायला नको. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावली होती. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली. १० वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर पाणी. आमच्या दारात दोन निळे ड्रम होते आणि त्यांच्यावर अम्मीचा पहारा होता. अशा दिवसांत रात्री हा सिनेमा लावला, शेजारी माझी मुलगी.

सिनेमा आजही पकड घेतो. रॉबर्ट ऑल्ड्रिच दिग्दर्शक, कादंबरी एलस्टन ट्रेव्हरची. जेम्स स्ट्युअर्ट म्हातारा होत चाललेला वैमानिक, हार्डी क्रूगर तो चष्मेवाला जर्मन. वैमानिकाचा घुटमळणारा, दारूत बुडालेला सहकारी झालाय रिचर्ड अ‍ॅटनबरो. पुढे ‘गांधी’ बनवला तोच! लहानपणी हे कळायचं कारण नव्हतं. जर्मन माणूस चोरून जास्त पाणी पितो, पकडला गेल्यावर म्हणतो, मी जास्त काम करतो म्हणून घेतलं. आणि काम अर्ध्यावर आल्यावर कळतं की तो खेळण्यातल्या विमानांचा आराखडा करणारा आहे. सिनेमासाठी खरोखरच एक विमान जोडून उडवलं होतं. ८ जुलै १९६५ला चित्रीकरणात ते मोडलं आणि वैमानिक पॉल मांट्झ गेला. वाळवंटही सहाराचं नव्हतं. चित्रीकरण अमेरिकेत, अ‍ॅरिझोना-कॅलिफोर्निया सीमेवर झालं.

पण मी अडलो सुरुवातीलाच. हे विमान लिबियात जगबूबहून बेनगाझीला निघालेलं असतं. जगबूब! सिनेमात ते नुसतं उड्डाणाचं ठिकाण आहे. माझ्या ओळखीत ते मदरशाचं गाव होतं.

मुहम्मद बिन अली अस-सनूसी अल्जीरियातला. १८५६च्या सुमारास त्यांनी आपल्या सिलसिल्याचं मुख्य ठाणं जगबूबच्या ओअ‍ॅसिसमध्ये आणलं. वाळवंटातल्या काफिल्यांच्या वाटांवर सनूसींच्या जाविया होत्या. जाविया म्हणजे मशीद, मदरसा, मुसाफिरखाना आणि विहीर एकाच ठिकाणी. जगबूबला मोठं ग्रंथालय होतं, दूरदूरचे विद्यार्थी येत. त्यातलाच एक उमर मुख्तार. तिथे शिकला आणि मुलांना कुरआन शिकवू लागला. म्हणजे आमच्याच पेशातला, मास्तर.

इटलीने १९११ साली लिबियावर हल्ला केला. उर्दू वाचणाऱ्याला हा काळ परका नाही. मौलाना आझादांनी १९१२ला कलकत्त्यात सुरू केलेल्या ‘अल-हिलाल’मध्ये तराबलसच्या लढाईच्या हकिकती येत. लढणाऱ्यांना पाणी पाजताना मारल्या गेलेल्या फातिमा बिन्त अब्दुल्ला या मुलीवर इकबालने नज्म लिहिली, ती ‘बांग-ए-दरा’त आहे. मी ती वर्गात शिकवली आहे. पण नकाशा काढून, मुलांनो, हे सगळं इथे घडलं, असं कधी दाखवलं नाही. ती चूक माझी.

१९३० साली मुसोलिनीचा सेनापती ग्राझियानी याने पूर्व लिबियातल्या सुमारे १ लाख लोकांना, गुराढोरांसकट, हाकलून काटेरी तारांच्या छावण्यांत कोंडलं. मेलेल्यांचे अंदाज ४० हजारांच्या पुढे जातात. विहिरी बुजवल्या. इजिप्तच्या सरहद्दीवर समुद्रापासून सुमारे २७० किलोमीटर लांब काटेरी कुंपण घातलं. त्याचं दुसरं टोक होतं जगबूबपाशी. १६ सप्टेंबर १९३१ला सत्तरी ओलांडलेल्या उमर मुख्तारला सुलूकच्या छावणीत हजारो कैद्यांसमोर फाशी दिली. त्याच्यावर १९८१ साली मुस्तफा अक्कादने सिनेमा काढला, ‘लायन ऑफ द डेझर्ट’. इटलीत त्यावर बरीच वर्षं बंदी होती.

मला मात्र जास्त छळतं ते कुफ्रा. जगबूबनंतर सनूसींचं ठाणं तिकडे, आणखी दक्षिणेला हललं होतं. १९३१च्या जानेवारीत इटालियन फौजेने कुफ्रा घेतलं. विमानं वरून होतीच. माणसं, बायका, पोरं उंटांवर आणि पायी इजिप्तच्या दिशेने निघाली. वाटेत शेकडो किलोमीटर विहीर नाही. कितीतरी तहानेने मेली. काही दाखलाच्या ओअ‍ॅसिसपर्यंत पोचली. वाळवंटाची मोजणी करणाऱ्या पॅट क्लेटन या इंग्रज अधिकाऱ्याला अशी काही माणसं भेटली आणि त्याने आपल्या मोटारींतून त्यांना सुखरूप पोचवलं. मुहम्मद असद यांच्या ‘द रोड टू मक्का’तही कुफ्रातून निसटलेल्या एका माणसाची हकिकत आहे.

म्हणजे याच वाळवंटात, सिनेमाच्या चौतीस वर्षं आधी, पाण्यावाचून जगून दाखवणारी खरी माणसं होऊन गेली. त्यांच्याकडे विमानाचे सुटे भाग नव्हते, खजुरांची खोकी नव्हती. आणि सिनेमात त्यांच्या जातभाईंच्या वाट्याला काय आलं? एका रात्रीचा तळ आणि दोन मुडदे. एकाही अरबाला नाव नाही. ऑल्ड्रिचने दुष्टपणाने केलं असेल असं मला वाटत नाही. त्याला धोका हवा होता, तो त्याने हाताशी असलेल्या साच्यातून उचलला. पण साचा कामाला लागला तो असा की इतवाऱ्यातल्या चटईवर बसलेल्या पोरांनीही तो गिळला.

हे सगळं मी नंतरच्या महिन्यांत वाचत गेलो. त्या रात्री मी फक्त ‘जगबूब’ एका वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं आणि सिनेमा पुढे चालू केला. शेवटी विमान उडतं, एका ओअ‍ॅसिसपाशी उतरतं. तिथे तेलाची विहीर आहे आणि पाण्याचं डबकं. वाचलेले सगळे धावत जाऊन कपड्यांसकट पाण्यात उड्या मारतात. मला लहानपणी हाच प्रसंग सगळ्यात आवडला होता.

मुलगी ताठ बसली. “अब्बा,” ती म्हणाली, “एवढं पाणी खराब केलं. आता पिणार काय?”