८६ की ९८?

मागच्या आठवड्यात अकोल्याला काकांकडे कपाट आवरताना पल्स ऑक्सिमीटर सापडला. आतले सेल गळून हिरवे झालेले. मंडळी, या डबीवर एकदा लिहायचंच होतं.

‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत, सप्टेंबर २०२० मध्ये, आरोग्यसेवक हे यंत्र घेऊन घरोघरी आले. काकूने तेव्हा ते पहिल्यांदा पाहिलं आणि लगेच एक विकत आणवलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये, करोना संपला असं सगळे धरून चाललेले असताना, आकडे चढले ते नेमके आमच्या वऱ्हाडात. २२ फेब्रुवारीला अमरावती-अचलपुरात पुन्हा टाळेबंदी. त्याच सुमारास काकांना ताप.

मी पुण्याहून रोज फोन करायचो. "अठ्ठ्याण्णव हाये, कायले चिंता करतं बापा!" इति काकू. पण मागे काकांना एक वाक्य पुरं करायला दोनदा थांबावं लागत होतं. मी फोटो मागवला. आकडा ९८च, पण बाजूची अक्षरं उलटी! काकू समोर बसून वाचत होती. इंग्रजी आकडे उलटे केले की आठाचा आठच राहतो, सहाचा मात्र नऊ होतो. खरा आकडा ८६ होता. चौऱ्याण्णवच्या खाली गेलं की दवाखाना गाठा, असं तेव्हा सांगत. त्याच रात्री काकांना भरती केलं.

नंतर मी या यंत्राचा इतिहास धुंडाळला. ताकुओ आओयागी हा जपानच्या निहोन कोहदेन कंपनीतला इंजिनियर. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला तो वेगळंच काही मोजत होता : रक्तात रंगद्रव्य सोडायचं, कानातून प्रकाश पाठवायचा आणि हृदय किती रक्त ढकलतं ते काढायचं. नाडीच्या ठोक्यांमुळे रेषा थरथरायची. दोन प्रकारच्या प्रकाशाने हा नॉईज घालवायला गेला, तर ऑक्सिजन बदलला की गणित बिघडायचं. म्हणजे हवी ती माहिती नॉईजमध्येच! (आम्ही असा नॉईज फिल्टर करून फेकून देतो.) ठोक्यागणिक बदलतं ते धमनीतलं रक्त, तेवढ्याच भागाचं लाल आणि इन्फ्रारेड प्रकाशातलं गुणोत्तर घ्यायचं. १९७४ मध्ये त्याने हे मांडलं. जग ही यंत्रं शोधत असताना, १८ एप्रिल २०२० ला, तो वारला.

गुणोत्तरावरून टक्का काढायचं कोष्टक मात्र माणसांच्या रक्ताचे नमुने तपासून बनवावं लागतं. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास आला : यंत्र ९२ ते ९६ दाखवत असताना रक्तात प्रत्यक्षात ८८ हूनही कमी, असं गोऱ्या रुग्णांपेक्षा कृष्णवर्णीयांत जवळपास तिप्पट वेळा आढळलं. आमच्या घरात गोरं कोणी नाही! शिवाय बोटं गार असली, नखांना रंग असला, तरी आकडा फसवतो.

असो. काका अकरा दिवसांनी घरी आले. काकूने यंत्राच्या वरच्या बाजूला स्वतःची टिकली चिकटवली. ती अजून आहे.