गवसणीची संहिता : बंदुकीच्या जुन्या पेट्या आणि त्यांचा जीर्णोद्धार

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडन किंवा बर्मिंगहॅम येथे घडलेली उत्तम शिकारी बंदूक सहसा तीन आवरणांतून प्रवास करीत असे. आत लाल, निळ्या वा हिरव्या बनातीचे अस्तर, त्याभोवती ओकच्या लाकडावर मढवलेले जाड चामडे, आणि पुष्कळदा त्या पेटीवरही कॅनव्हासची एक खोळ. तंबोऱ्याच्या खोळीला आपण गवसणी म्हणतो. ही खोळ त्याच जातीची. हलक्या पेट्यांत लाकडावर थेट कॅनव्हासच ताणलेले असे, चामडे केवळ कडांना आणि कोपऱ्यांना. एकाच बंदुकीसाठी लाकडाविना शिवलेली, एका टोकाला रुंद व दुसऱ्या टोकाला निमुळती पिशवीही प्रचारात होती. आकारावरून इंग्रजीत तिला ‘लेग ऑफ मटन’ म्हणत.

साहित्याच्या अभ्यासकाने अशा वस्तूकडे का पाहावे, हा प्रश्न रास्त आहे. या पेट्या वाचाव्या लागतात, हे त्याचे उत्तर. झाकणाच्या आतल्या बाजूस विक्रेत्याचा छापील कागद चिकटवलेला असतो. त्यावर पेढीचे नाव, पत्ता, मिळालेली पदके, कधी बंदूक साफ करण्याच्या सूचना. यांतला पत्ता कालनिर्णयासाठी फार मोलाचा. जेम्स पर्डी यांची पेढी १८२६ साली ऑक्सफर्ड स्ट्रीटवर आली आणि १८८० च्या दशकाच्या आरंभी साउथ ऑडली स्ट्रीटवरील ऑडली हाउसमध्ये गेली. तेव्हा केवळ पत्त्यावरून कागदाची एक कालमर्यादा ठरते. मात्र ती कागदाची मर्यादा होय, पेटीची वा बंदुकीची नव्हे. जुनी पेटी नव्या बंदुकीला लावून घेणे ही नित्याची गोष्ट होती. आणखी एक बाब. कागदावर नाव असते ते विक्रेत्याचे. पेट्या शिवणारे कारागीर बहुधा निराळे असत आणि त्यांचे नाव बहुतेक पेट्यांवर कोठेच आढळत नाही. त्यांचे हस्ताक्षर म्हणावे ते टाक्यांत: दोन सुयांनी, मेणावलेल्या तागाच्या दोऱ्याने घातलेली शिवण, तिचे अंतर, कोपऱ्यावर वळताना हाताने केलेली तडजोड.

झाकणाच्या बाहेरच्या बाजूस मालकाच्या नावाची आद्याक्षरे असतात, कधी पलटणीचे नावही. हिंदुस्थानात आलेल्या पेट्यांच्या संदर्भात ही अक्षरे निरागस राहत नाहीत. १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसास परवान्याची सक्ती केली आणि युरोपियनांना त्या कायद्याखालील नियमांनी सूट दिली. त्या काळातील झाकणावरची अक्षरे म्हणजे, माझ्या मते, त्या सवलतीची सहीच होय. कलकत्त्याच्या आर. बी. रॉडा आणि कंपनीचा कागद लंडनच्या संग्राहकाला वसाहतीतील एका विक्रेत्याचा पुरावा वाटेल. बंगाली वाचकाला मात्र २६ ऑगस्ट १९१४ आठवेल, ज्या दिवशी क्रांतिकारकांनी याच पेढीची ५० माउझर पिस्तुले आणि ४६,००० काडतुसे पळवली. एकाच संहितेचे हे दोन वाचकवर्ग.

आता ही संहिता झिजते कशी, ते पाहू. वनस्पतिज द्रव्यांनी कमावलेले चामडे कोळशाच्या धुरातील व गॅसच्या दिव्यांतील गंधकाच्या वायूमुळे आम्लयुक्त होते, त्याचा वरचा पापुद्रा सुटतो आणि तांबूस भुकटी हाताला लागते. इंग्रजीत यास ‘रेड रॉट’ म्हणतात. आपण तांबडी कुज म्हणू. ग्रंथालयांतील पुस्तकबांधणीला याच रोगाने ग्रासल्यामुळे लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सने एक समिती नेमली. १९०५ साली ग्रंथरूपाने आलेल्या तिच्या अहवालात हिंदुस्थानातून येणाऱ्या कमावलेल्या शेळ्यामेंढ्यांच्या कातड्यांवर कठोर ठपका आहे. ही कातडी मद्रासकडे ज्या सालीने कमावली जात, तिला तमिळमध्ये आवारम म्हणतात. मराठीत हाच तरवड, आणि इंग्रजी चर्मविद्येच्या पुस्तकांत त्याचे रूप ‘टर्वार’ असे दिसते. आपल्याकडील माळरानावरचे पिवळ्या फुलांचे झुडूप अशा रीतीने इंग्रजी परिभाषेत शिरले, ते एका दोषाच्या खुणेसह. उलट हिरडा, जोही येथूनच निर्यात होई, तो कुजीला अधिक दाद न देणाऱ्या वर्गात मोडतो. एखाद्या पेटीचे चामडे कोणत्या वर्गातील द्रव्याने कमावले, हे डोळ्यांनी कळत नाही. लोहक्षाराच्या कसोटीत तरवडाचा वर्ग हिरवट काळा रंग देतो, हिरड्याचा निळसर काळा.

जीर्णोद्धारकाची पहिली चूक येथेच होते. कुजलेल्या चामड्यावर तो पाणी आणि खोगिराचा साबण फिरवतो. चामडे तत्काळ काळे पडते, आकसते, आणि ते पूर्ववत होत नाही. दुसरी चूक गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढलेल्या तेलाचा अतिरेक. आरंभी पेटी तुकतुकीत दिसते. पुढे ती चिकट होते, धूळ धरते, आणि पावसाळी हवेत बुरशीला निमंत्रण देते. सध्याची संवर्धनपद्धती संयमी आहे. सुटणारी भुकटी हायड्रॉक्सिप्रोपिल सेल्युलोजच्या अल्कोहोलमधील पातळ द्रावणाने स्थिर करतात. पृष्ठावरील पांढरा थर उबदार हवेने वितळला तर ती चरबी, न वितळल्यास बुरशी समजावी. पितळी खिळ्यांभोवतीचे हिरवे मेण हलक्या हाताने काढावे. पितळ मात्र घासून चकचकीत करू नये, कारण पॉलिशची पांढरी भुकटी शिवणीत कायमची बसते. कॅनव्हास धुणे सर्वांत धोक्याचे. ते आटते, आणि त्यावरील रंगवलेली अक्षरे व आगबोटीच्या चिठ्ठ्यांचे अवशेष नाहीसे होतात. जाळी धरून धूळ शोषून घेणे एवढे पुरे. बनातीला लागलेल्या कसरीचा बंदोबस्त वेगळा करावा लागतो. त्याच्या तपशिलात येथे शिरत नाही.

पण फाटले असेल तेथे काय करावे? तुटलेला पट्टा, उसवलेला कोपरा, अर्धा गळालेला कागद? ‘मूळ स्वरूप’ परत आणण्याच्या हट्टाला रस्किनने १८४९ मध्येच विरोध केला होता, आणि १८७७ मध्ये मॉरिसने त्यासाठी संस्था उभारली. चेझारे ब्रांदीच्या १९६३ च्या ग्रंथात भर ही जवळून ओळखू यावी असा दंडक आहे. परंतु मराठी अभ्यासकाला इतके दूर जाण्याचे कारण नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. विष्णु सीताराम सुकथनकर यांनी घालून दिलेल्या तिच्या पद्धतीत, जो पाठ निश्चित नाही त्याच्याखाली नागमोडी रेघ येते. वाचकाला सलग श्लोक मिळतो आणि संपादकाची शंकाही मिळते. वगळलेले पाठ तळटीपांत वा परिशिष्टांत राहतात. फेकले जात नाहीत.

हीच रीत पेटीला लावता येते. जुन्या छिद्रांतूनच नवा दोरा घ्यावा, नवी छिद्रे आरीने पाडू नयेत. ठिगळ आतून लावावे, रंगाने जुळते पण विणीने निराळे. नव्या पट्ट्याच्या आतल्या बाजूस वर्ष उमटवावे. काढलेला पट्टा, खिळे, बनातीचा तुकडा पाकिटात घालून पेटीतच ठेवावे. मुळाबरहुकूम छापलेले कागद आज बाजारात विकत मिळतात आणि फाटक्या कागदावर ते सहज डकवले जातात. पेटीची किंमत त्याने वाढते. त्याखाली एखाद्या मालकाने पेन्सिलीने लिहिलेली काडतुसांची संख्या असते, किंवा जुना पत्ता खोडून छापलेला नवा पत्ता, आणि तो वाचण्यासाठी पुन्हा वरचा कागद सोडवावा लागतो. डिंक जुना असेल तर तो सुटतो. हल्लीच्या कृत्रिम गोंदाने चिकटवला असेल तर खालचा कागद घेऊनच निघतो.