हळूहळू सुटणारा दोर : ना. वा. टिळकांच्या आयुष्यातून आपली तपासणी

आजचा विषय ‘ख्रिस्ती जीवनातली हळूहळू होणारी घसरण’ असा आहे. या विषयावर आपण बहुतेक वेळा उपदेश ऐकतो. आज उपदेश थोडा बाजूला ठेवून इतिहासाकडे बघू या. आणि त्यासाठी लांब जायची गरज नाही. गोष्ट आपल्या गोंदियाच्या रुळांवरूनच गेलेली आहे.

साल १८९३. नारायण वामन टिळक नावाचा एक तिशीतला कवी नोकरीसाठी राजनांदगाव संस्थानाकडे निघाला होता. नागपूरहून राजनांदगावला जाणारी बंगाल-नागपूर रेल्वेची गाडी तेव्हाही इथूनच जायची. गोंदिया, आमगाव, सालेकसा, दरेकसा, मग डोंगरगड. डोंगरगडच्या अलीकडचा हा मुलूख तेव्हा भंडारा जिल्ह्यात होता. गोंदिया जिल्हा झाला तो १ मे १९९९ ला. त्या प्रवासात टिळकांना डब्यात अर्नेस्ट वॉर्ड नावाचे मिशनरी भेटले. बोलणं सुरू झालं ते संस्कृत काव्यावरून. निघताना वॉर्डसाहेबांनी नव्या कराराची एक प्रत हातात ठेवली आणि ती वाचण्याचा शब्द घेतला. टिळकांनी तो शब्द निव्वळ सभ्यपणा म्हणून दिला होता. पण डोंगरावरच्या प्रवचनापाशी पोहोचल्यावर त्यांना पुस्तक मिटवेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

इथपर्यंतची गोष्ट आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. साक्ष देताना आपण ती इथेच थांबवतो. आज आम्हाला बोलायचं आहे ते पुढच्या बावीस वर्षांबद्दल.

बाप्तिस्म्यानंतर टिळक अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनच्या कामात आले. तिथे त्यांनी शिकवलं, १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली, १९१२ पासून ‘ज्ञानोदया’चा मराठी भाग त्यांनी सांभाळला. त्यांची भजनं मराठी उपासनेत रुळली, कीर्तन मंडळीत आलं. बाहेरून बघणारा म्हणेल, याहून चांगलं ख्रिस्ती जीवन ते काय असणार! आणि तरीही १९१७ मध्ये याच माणसाने मिशनची नोकरी सोडली. वय पंचावन्नच्या पुढे. पाठीशी ना इस्टेट, ना पेन्शन. साताऱ्याला जाऊन त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला.

का सोडली? भांडण झालं म्हणून नाही, विश्वास डळमळला म्हणूनही नाही. त्यांना जे दिसलं ते आपण नीट समजून घ्यायला हवं, कारण आजच्या विषयाचं मर्म तिथेच आहे.

१८९९-१९०० चा मोठा दुष्काळ आठवा. अनाथ मुलं हजारोंनी मिशनच्या दारात आली. मिशनने त्यांना जगवलं, शाळा काढल्या, बोर्डिंगं काढली, दवाखाने चालवले. हे काम प्रेमाचंच होतं; टिळक पती-पत्नींनी स्वतःही अशी मुलं सांभाळली. पण पुढे काय झालं? पाळकाचा पगार मिशनकडून, मास्तरचा पगार मिशनकडून, शुभवर्तमान सांगणाऱ्याचाही पगार मिशनकडूनच. घर मिशनच्या आवारात. हळूहळू विश्वास आणि नोकरी एकाच रजिस्टरात लिहिली जाऊ लागली. ख्रिस्ती माणूस शेजारच्या गावापासून तुटला. त्याची भाषा, त्याचा पोशाख, त्याची गाणी परकी वाटू लागली. कुणी एका रात्रीत ख्रिस्ताला नाकारलं नाही. सगळं सुरळीत चाललं होतं, आणि खरी अडचण हीच होती.

इब्री लोकांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी जो इशारा आहे, तिथे मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘बाजूने वाहून जाणे’ असा आहे. आपल्या वैनगंगेच्या काठच्या माणसाला तो समजवावा लागत नाही. तिरोड्याकडे घाटावर डोंगा बांधलेला असतो. दोर सैल झाला, तर डोंगा बुडत नाही, उलटतही नाही. तो शांतपणे सरकत जातो. आत झोपलेल्या माणसाला वाटतं, आपण घाटावरच आहोत.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण याच जातीचं आहे. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये झाला. पण जवळजवळ आठ वर्षांनी त्यांना कळून चुकलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, ख्रिस्त मात्र अजून सापडायचा आहे. एवढी विदुषी, एवढी त्यागी बाई! तिला हे स्वतःबद्दल कबूल करता आलं आणि ते लिहूनही ठेवता आलं. आपल्याला जमेल का?

आता टिळकांनी काय केलं ते बघा. पहिली गोष्ट, त्यांनी दोष फक्त दुसऱ्यावर ढकलला नाही. मिशनवर टीका त्यांनी जरूर केली, पण त्याआधी स्वतःची सोय सोडली. दुसरी गोष्ट, ते मागे आपल्या मुळाकडे गेले. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशा अर्थाचं ते म्हणत. जिथून प्रभूची ओढ लागली होती, त्या भक्तीच्या भाषेकडे ते परतले. तिसरी गोष्ट, त्यांनी दार उघडलं. दरबारात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्ताला मानणारे सगळेच येऊ शकत. यावरून तेव्हा पुष्कळ वाद झाला. तो वाद आजही मिटलेला नाही, आणि आम्हीही तो इथे मिटवणार नाही. पण वाद घालणाऱ्यांनाही एवढं मान्य करावं लागलं की हा माणूस झोपलेला नाही.

मात्र इतिहास प्रामाणिकपणे सांगायचा तर पुढचंही सांगायला हवं. ९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत वारले. दरबाराला जेमतेम दोन वर्षंही मिळाली नव्हती, आणि त्यांच्यामागे तो टिकला नाही. दरबार एका माणसाच्या तेजावर उभा होता. म्हणजे घसरणीवर उपाय म्हणून उभी केलेली चळवळसुद्धा घसरणीपासून सुरक्षित नसते. त्यांच्या भजनांचंच बघा ना. झोपलेल्या मंडळीला जागं करण्यासाठी लिहिलेली गाणी आज आपण डोळे मिटून म्हणतो, पण अर्थाकडे लक्ष नसतं. आम्ही स्वतः कित्येक रविवारी असंच गायलो आहोत. चाल पाठ असते, शब्द पाठ असतात, आणि मन दुपारच्या जेवणाकडे गेलेलं असतं.

मग उपाय काय? इथे आम्हाला लक्ष्मीबाई टिळक आठवतात. नवऱ्याने बाप्तिस्मा घेतल्यावर काही वर्षं त्या वेगळ्या राहिल्या. पुढे एकत्र आल्या, तरी सोवळं सुटलं नव्हतं. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. मग एक दिवस त्यांच्याच मनाने प्रश्न विचारला, हे भेद देवाने केले की माणसाने? त्यानंतर एकेक गाठ सुटत गेली आणि १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना लक्षात येतं, त्यांचा बदलही हळूहळूच झाला. दूर जाणं जसं पावलापावलाने होतं, तसं जवळ येणंही पावलापावलानेच होतं. हळूहळू या शब्दाला भिण्याचं कारण नाही. पाऊल कुठल्या दिशेने पडतंय, एवढं बघायचं.

टिळकांचं ‘ख्रिस्तायन’ अपुरं राहिलं होतं. ते पुढे लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलं. मोठी संस्था मागे टिकली नाही, पण घरातल्या एका माणसाने रोज थोडं थोडं लिहून काम पुढे नेलं. आमच्या मते उत्तर त्यातच आहे.

म्हणून आज घरी गेल्यावर मोठा निश्चय करू नका. दोन प्रश्न तेवढे विचारा. ज्या दिवशी प्रभूची ओढ पहिल्यांदा लागली, त्या दिवशी आपण काय करत होतो जे आज करत नाही? आणि उद्या पगार, पद, मंडळीतला मान हे सगळं गेलं, तर आपली प्रार्थना उरेल का? उत्तर घरात कुणालातरी मोठ्याने सांगा, नवऱ्याला, बायकोला, मुलाला. झोपलेल्याला आपण सरकतोय हे स्वतःहून कळत नाही; काठावरच्या माणसाने हाक मारावी लागते.

आज संध्याकाळी स्टेशनाकडून जाल तेव्हा राजनांदगावच्या बाजूची गाडी दिसली तर क्षणभर थांबा. त्या रुळांवर एका माणसाने केवळ सभ्यपणा म्हणून दिलेला शब्द पाळला होता. आपण तर शब्द मनापासून दिला आहे. तो पाळायचं बळ प्रभू आपल्याला देवो.