नगर आणि पायी चालणारा माणूस



वसंत व्याख्यानमालेत वक्त्याने एखादा भारदस्त विषय घ्यावा, अशी आपल्याकडची रीत आहे. आजचा माझा विषय त्या मानाने अगदी साधा, आपल्या पायांखालचा आहे. माणसाला आपल्या गावात सुखाने पायी चालता येते की नाही, एवढाच तो प्रश्न. वरवर पाहता तो क्षुल्लक वाटेल. पण नगराचा इतिहास त्याच्या राजवाड्यांइतकाच त्याच्या वाटांवरही लिहिलेला असतो.

आमचा देश उष्ण. वैशाखातल्या उन्हात कोण चालणार? म्हणून आमची नगरे वाहनांची झाली, असे सर्रास म्हटले जाते. हे म्हणणे खरे आहे काय, ते आपण तपासून पाहू.

प्रथम आपले जुने नाशिक घ्या. गंगेच्या काठच्या टेकड्यांवर हे गाव वसले. कोकणी टेक, म्हसरूळ टेक, जोगवाडा टेक ही नावे आजही आपल्या तोंडी आहेत. तिवंध्यापासून भद्रकालीपर्यंत किंवा सराफ बाजारातून दहीपुलाकडे भर दुपारी निघालात, तर एक गोष्ट ध्यानात येईल. बोळ अरुंद आहेत आणि दोन्ही बाजूंचे वाडे उंच आहेत, त्यामुळे एका बाजूची सावली रस्त्यावर पडलेलीच असते. घरापुढे ओटा आहे, त्यावर थकल्या माणसाला टेकता येते. देऊळ, बाजार आणि घाट ही सारी हाकेच्या अंतरावर. ज्यांनी हे गाव बांधले त्यांच्याजवळ नगररचनेची पदवी नव्हती. ऊन कसे लागते हे मात्र त्यांना ठाऊक होते.

हे शहाणपण केवळ आपलेच होते असेही नाही. स्पेनचा राजा दुसरा फिलिप याने १५७३ साली अमेरिकेतील नव्या वसाहतींसाठी नियम घालून दिले. थंड प्रदेशात रस्ते रुंद ठेवावेत आणि उष्ण प्रदेशात अरुंद ठेवावेत, मुख्य चौकाभोवती कमानीचे सोपे असावेत, असे त्यांत स्पष्ट सांगितले आहे. म्हणजे आपल्या तिवंध्यातील गवंडी आणि स्पेनच्या दरबारातील कारकून, एकमेकांना न भेटता, एकाच निष्कर्षाला आले होते.

आता अमेरिकेतलीच तीन उष्ण नगरे शेजारी मांडू. न्यू ऑर्लिन्सचा जुना भाग १७२१-२२ च्या सुमारास आद्रियाँ द पोझे या फ्रेंच इंजिनिअराने आखला. तेथला उन्हाळा दमट आणि जीव नकोसा करणारा. परंतु घरांच्या सज्जांची छपरे पदपथावर पुढे आलेली असल्याने ऊन आणि पाऊस दोन्ही चुकवून माणूस चालतो. सव्हाना हे दुसरे नगर १७३३ साली जेम्स ओगलथॉर्प याने वसवले. त्याची युक्ती अशी की थोड्याथोड्या घरांमागे एक मोकळा चौक ठेवायचा. पुढे त्या चौकांत मोठमोठी ओक झाडे वाढली आणि पांथस्थाला एका सावलीतून दुसऱ्या सावलीत जाता येऊ लागले. तिसरे नगर फिनिक्स, वाळवंटातले. १९५० मध्ये त्याची वस्ती एक लाख सात हजारांच्या आसपास होती. १९६० मध्ये ती चार लाख एकोणचाळीस हजारांवर गेली. हे दहा वर्ष मोटारीचे आणि घर थंड करणाऱ्या यंत्राचे होते. त्यामुळे सावलीचा विचार करण्याची गरजच कोणाला भासली नाही. रस्ते रुंद झाले, घरे दूर दूर गेली आणि पायी चालणारा उघड्या डांबरावर एकटा पडला.

तिन्ही ठिकाणी ऊन आहे. फरक एवढाच की पहिली दोन नगरे पायांच्या मापाने आखली गेली आणि तिसऱ्याची बहुतेक वाढ चाकांच्या मापाने झाली. तेव्हा दोष उन्हाच्या माथी मारता येत नाही.

या दृष्टीने आपल्या नाशिक रोडकडे पाहा. या गावाच्या नावातच रस्ता आहे. गेल्या शतकाच्याही आधीच्या शतकात जी. आय. पी. रेल्वे आली, ती गोदाकाठाला न येता पाच-सहा मैल दूरवरून गेली. यात्रेकरू उतरे येथे आणि त्याचे रामकुंड राही तेथे. हे अंतर कापण्यासाठी १८८९ साली ट्राम सुरू झाली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप हे तिचे सल्लागार इंजिनिअर. यांनीच पुढे बार्शी लाइट रेल्वे बांधली. मेनरोडवरून निघालेला ट्रामचा डबा घोडे ओढीत आणि गंजमाळावर घोडे बदलत. १९३१ ते १९३३ च्या दरम्यान ही ट्राम बंद पडली. आज तिचा रूळही दिसत नाही. पण तिने एक धडा मागे ठेवला आहे. पायांना न झेपणारे अंतर सर्वांच्या वाहनाने जोडावे आणि उरलेले पायांवर सोडावे, हा तो धडा.

पुढे १९२५ साली येथे सिक्युरिटी प्रेस आला, १९२८ मध्ये नोटांचा छापखाना आला. देवळालीची छावणी त्याआधीच होती. कामगारांची वस्ती वाढली, जेलरोड, उपनगर, विहितगाव अशी गावे एकमेकांना भिडली आणि १९८२ साली नाशिक रोड-देवळाली नगरपालिका नाशिक महानगरपालिकेत विलीन झाली. परंतु या वाढीचा कणा झाला पुण्याचा हमरस्ता. तिवंध्यात रस्ता घरांसाठी होता. येथे घरे रस्त्यासाठी झाली. वाहनांसाठी रस्ते रुंद करताना जुन्या झाडांच्या रांगा तुटल्या, आणि सावली गेली की पदपथ असूनही नसल्यासारखाच.

येथे कोणी म्हणेल, की मग सारे बोळ अरुंदच ठेवावेत काय? नाही. जुन्याचा अभिमान धरताना डोळे मिटून चालणार नाही. २७ ऑगस्ट २००३ रोजी सिंहस्थाच्या पर्वणीला रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद वाटेवर चेंगराचेंगरी झाली आणि ३९ माणसे प्राणास मुकली. ती सर्व पायीच चालली होती. रोजच्या शेकडो पावलांसाठी आखलेली वाट एका दिवसाची लाखो पावले सोसू शकली नाही. म्हणून नगर चालण्याजोगे आहे की नाही, हे ठरवताना सावलीबरोबर सुटकेची वाटही मोजली पाहिजे.

याहून मोठा प्रश्न आहे तो अधिकाराचा. वाट सावलीची असून काय उपयोग, जर ती काहींनाच मोकळी असेल? केरळातील वायकोमच्या देवळाभोवतीच्या रस्त्यांवरून अस्पृश्य मानलेल्या लोकांना चालण्याची मनाई होती. त्याविरुद्ध १९२४ साली सत्याग्रह झाला, तो केवळ चालू देण्यासाठी. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली याच आपल्या नाशकात हजारो स्त्रीपुरुष मिरवणुकीने काळाराम मंदिराकडे चालत गेले. दादासाहेब गायकवाडांनी हा लढा पुढे वर्षानुवर्षे चालवला. मंदिराचे दरवाजे त्या दिवशी बंद राहिले. परंतु त्या दिवशी जी पावले पंचवटीच्या रस्त्यांवर उमटली, ती या नगराच्या इतिहासातून पुसता येणार नाहीत. अमेरिकेच्या दक्षिणेतील माँटगोमेरी या उष्ण शहरातही असेच घडले. बसमध्ये काळ्या माणसांना मिळणाऱ्या अपमानास्पद वागणुकीविरुद्ध तेथील लोकांनी १९५५-५६ मध्ये ३८१ दिवस बसवर बहिष्कार घातला. कित्येक जण रोज मैलोगणती चालत कामाला गेले. तेथेही ऊन होतेच. अब्रूचा प्रश्न आला की माणूस उन्हाची तक्रार करीत नाही.

आणि आज? आजची मनाई पाटी लावून होत नाही. पदपथावर दुकानाचा माल मांडलेला असतो, पुढे दुचाकी उभी असते, त्यापुढे विजेची पेटी. म्हातारा माणूस खाली उतरतो तो थेट धावत्या वाहनांपुढे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पादचाऱ्याला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी. दोन माणसे शेजारून जातील, एवढी. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुरक्षित पदपथ हा जीविताच्या मूलभूत हक्काचा भाग असल्याचे सांगितले. म्हणजे पादचाऱ्याने उपकार मागायचे नाहीत. त्याचे त्याला द्यायचे आहे.

झालेली चूक दुरुस्त होत नाही, असेही नाही. सव्हानातील एलिस चौकातला जुना बाजार १९५४ साली पाडून तेथे मोटारी ठेवण्याची इमारत उभी करण्यात आली. त्या आघाताने जागे झालेल्या काही स्त्रियांनी पुढच्याच वर्षी संस्था काढून जुने नगर जपण्याचे काम हाती घेतले. २०१० साली तो चौक पुन्हा लोकांसाठी खुला झाला आणि मोटारी जमिनीखाली गेल्या. चौक परत मिळायला अर्धे शतक लागले, पण मिळाला.

आपण एवढी वाट पाहावी असे मला वाटत नाही. आज घरी जाताना एवढेच करा. येथून घरापर्यंत पावले टाकताना किती ठिकाणी पदपथ सोडून खाली उतरावे लागले, ते मनाशी मोजा. मग उद्या दुपारी हाच रस्ता बरोबर सात वर्षांचे नातवंड घेऊन चालून पाहा. तेव्हा जो आकडा हाती येईल, तो आपल्या नगरसेवकाला सांगा आणि दर वर्षी सांगत राहा. नगर किती मोठे झाले हे जनगणना सांगेल. ते किती सुधारले, हे मात्र त्या नातवंडाचा हात आपल्याला किती घट्ट धरावा लागला, त्यावरूनच कळेल.