अंदाज जिल्ह्याचा, पाणी वावरातलं



मृग लागला की वरोऱ्यात चहाच्या टपरीवर एकच विषय. पाणी कधी येणार? मोबाईलवर "चंद्रपूर जिल्ह्यात मुसळधार" दिसतं आणि इकडे वावरात फुफाटा उडत असतो. मग हवामान खात्याला शिव्या सुरू. पण ही भानगड आजची नाही, दीडशे वर्षांची आहे.

आपल्या आज्या-पणज्यांचा अंदाज म्हणजे नक्षत्राचं वाहन, कावळ्याचं घरटं, पावशाची हाक आणि सहदेव-भाडळी. सरकारी हवामान खातं आलं १८७५ मध्ये. लगेच १८७६-७८ चा महादुष्काळ पडला, लाखो माणसं गेली आणि सरकारला पावसाचा अंदाज आधी हवासा झाला. हेन्री ब्लॅनफर्ड या अधिकाऱ्यानं हिमालयातल्या बर्फावरून ठोकताळा बांधला. बर्फ जास्त तर पाऊस कमी. ४ जून १८८६ ला देशाचा पहिला मान्सून अंदाज निघाला.

१८९९ ला खात्यानं चांगला पाऊस सांगितला. आला छप्पन्नचा दुष्काळ! आपला चांदा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतात होता आणि या प्रांतानं तो फार सोसला. १९०४ ला गिल्बर्ट वॉकर आले. अख्ख्या देशाला एकच आकडा चालत नाही हे त्यांनी ओळखलं आणि देशाचे भाग पाडून अंदाज द्यायला लागले.

तेव्हापासून अंदाज खाली खाली सरकतोय. देश, विभाग, जिल्हा. ऑक्टोबर २०२४ पासून ग्रामपंचायत पातळीवरचा अंदाज सुरू झाला. मे २०२५ ला ६ किलोमीटरच्या चौकटीत अंदाज देणारी नवी प्रणाली आली. पण त्याच २०२४ मध्ये देशभरातली १९९ जिल्हा कृषी हवामान केंद्रं बंद झाली. म्हणजे यंत्र जवळ आलं, समजावून सांगणारा माणूस दूर गेला. आपल्या जिल्ह्यासाठी सल्ला सिंदेवाहीहून येतो. तो धानाचा पट्टा. आपल्याकडं पऱ्हाटी, सोयाबीन आणि तूर.

आता मुद्द्याचं. अंदाज चुकला तर पेरणी दुबार होते. पण मोजणी चुकली तर मदतच जाते. तहसीलमध्ये पाऊस मोजायची पद्धत इंग्रजांनी शेतसारा आणि दुष्काळासाठी लावली. आजही मोजमापाचा संबंध पैशाशीच आहे. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस नोंदला तर अतिवृष्टी. मंडळात गावं अनेक, यंत्र मात्र बहुधा एकच. तुमच्या धुऱ्यावर ढग फुटला आणि यंत्राच्या गावात शिंतोडे पडले, तर कागदावर अतिवृष्टी झालीच नाही!

म्हणून तीन कामं करा.

१. आपल्या मंडळाचं पर्जन्यमापक कुठं आहे ते जाऊन बघा. झाडाखाली, भिंतीला लागून असेल तर तलाठ्याला लेखी कळवा.

२. उघड्यावर सरळ कडांचा डबा ठेवा. रोज सकाळी पट्टीनं पाणी मोजा, तारखेसह वहीत लिहा, डबा रिकामा करा. फोटोही काढा.

३. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणीची घाई नको. पहिल्या सरीला भुलू नका, बाप्पा.

तुमची वही म्हणजे सरकारी पुरावा नाही, हे खरं. पण एका मंडळातल्या दहा गावांच्या वह्या एकाच दिवशी तहसीलदारांच्या टेबलावर गेल्या, तर विचारावं लागेलच, की यंत्र खरं की गाव?

तुमच्या मंडळाचं यंत्र कुठं आहे? कमेंटमध्ये गावाच्या नावासकट लिहा.